सोलर दिवा का विझतो? गोव्याच्या उन्हापावसातली दुरुस्ती

गोव्यात बाहेर लावलेला सोलर दिवा बंद पडला की सहसा तो दुरुस्तीला जात नाही, कचऱ्यात जातो. दोन-चारशे रुपयांची वस्तू, तिच्यामागे कोण लागणार! पण टाकून दिलेल्या या दिव्यांतले कितीतरी बिघडलेले नसतातच. पॅनेल धडधाकट असतं, एलईडी शाबूत असतो. दिवसा जमा होणारी वीज रात्रीच्या खर्चाला पुरत नाही, किंवा जमा झालेली वीज गंजलेल्या स्प्रिंगपाशी अडते, एवढंच झालेलं असतं. दोन्हींवर घरच्या घरी इलाज करता येतो.

आणि हा विषय नुसत्या हौसेचा नाही. पावसाळ्यात वारा सुटला, माडाची झावळ तारांवर पडली की गावची वीज जाते. नेमकी तेव्हाच गेटपासून पडवीपर्यंतची वाट, विहिरीचा काठ, कुळागरात (पोफळीच्या बागेत) उतरणाऱ्या पायऱ्या दिसायला हव्यात. त्याच दिवसांत गडग्याच्या फटींतून घोणस निघते, फुरसं निघतं. वाटेवरचा दिवा पावसाळ्यातही पेटला पाहिजे, म्हणून मी हे सविस्तर लिहितो आहे.

रात्र झाली हे दिव्याला कसं कळतं

बागेत खोचायच्या साध्या दिव्याचं टोपण उघडलं की आत फार काही नसतं. वर पॅनेल, खाली पेन्सिल सेलसारखा दिसणारा चार्ज होणारा सेल, नाण्याएवढं सर्किट आणि एलईडी. सर्किटवर चार पायांची एक काळी चिप असते आणि तिच्या शेजारी बहुधा हिरवट रंगाचा एक लांबुळका भाग. तो रेझिस्टरसारखा दिसतो, पण ते बारीक तारेचं वेटोळं आहे, म्हणजे कॉइल. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि सेल असतो १.२ व्होल्टचा. मधली तूट ही कॉइल भरून काढते. चिप कॉइलमधला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. प्रवाह अचानक तोडला की कॉइल तो तसाच पुढे रेटू पाहते आणि त्या रेट्यात व्होल्टेज चढतं. आपल्या डोळ्यांना मात्र सलग उजेड दिसतो.

बहुतेक छोट्या दिव्यांत उजेड-अंधार ओळखायला वेगळा सेन्सर नसतो. चिप पॅनेलच्याच व्होल्टेजकडे पाहत असते. ते अगदी खाली आलं की तिच्या लेखी रात्र झाली. ही एक गोष्ट नीट लक्षात आली की अर्ध्या तक्रारींचं उत्तर मिळतं.

दिवा भर दिवसा जळतो, तेव्हा लोक म्हणतात सर्किट गेलं. मी आधी पॅनेलची तार पाहतो. केसासारख्या बारीक दोन तारा पॅनेलच्या पाठीवर डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडलेल्या असतात आणि टोपण उघडता-लावताना त्यांतली एखादी तुटते. तार तुटली की चिपपर्यंत ऊन पोचत नाही, तिच्या दृष्टीने अखंड रात्रच. मग दिवा जळत राहतो, सेल रिकामा होतो आणि तो पुन्हा भरायचा मार्गही त्या तुटलेल्या तारेनेच बंद केलेला असतो. डाखाचा एक थेंब पुरतो.

उलटा प्रकारही असतो. सेल भरलेला आहे, पण दिवा पेटतच नाही. अशा वेळी संध्याकाळी तिथे जाऊन उभं राहावं. पडवीतला बल्ब, रस्त्यावरचा दिवा, शेजाऱ्याच्या गेटवरचा दिवा, यांतला कुठला उजेड थेट पॅनेलवर पडतो का? पडत असेल तर चिपला अजून दिवसच वाटतो. हाताच्या तळव्याने पॅनेल पूर्ण झाकून पाहा. लगेच पेटला तर दिव्यात काही बिघाड नाही, फक्त जागा बदलायची आहे. चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतीला खेटून असलेला दिवा तर स्वतःच्याच उजेडाने फसतो. पेटतो, भिंतीवरून परतलेला उजेड पॅनेलवर पडतो, विझतो, पुन्हा पेटतो. ही उघडझाप पाहून सेल बदलू नका. दिवा दोन हात पुढे ओढा.

नव्या दिव्याचं थोडक्यात सांगतो. सेलच्या टोकाशी खोचलेली प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढायची असते, पॅनेलवरची पातळ फिल्म सोलायची असते आणि टोपणाच्या पोटात एक बारीक स्विच असतो तो चालू करायचा असतो. त्यानंतर एक-दोन दिवस कडक ऊन द्यायचं आणि मगच तक्रार करायची.

तासाभरात विझणारा दिवा

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच: पेटतो, पण जेवणं होईपर्यंत विझतो. इथे जमाखर्च मांडून पाहावा लागतो. समजा सेल ६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये मावणाऱ्या विजेचं माप) आहे आणि पॅनेल कडक उन्हात ८० मिलिअँपिअर देतं. सहा तास चांगलं ऊन मिळालं तर ४८० जमा होतात. पण या दिव्यांत येणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल भरताना नासाडी होते. १०० परत मिळवायचे तर साधारण १४० आत घालावे लागतात. म्हणजे हातात राहिले ३४० च्या आसपास. दिवा ५० मिलिअँपिअर खात असेल तर तो जेमतेम पावणेसात तास जळेल. संध्याकाळी सातला पेटला तर रात्री दोनच्या आत विझणार आणि यात बिघाड काहीच नाही.

आता आभाळ भरून आलेला दिवस घ्या. दाट ढगांत पॅनेलची वीज उन्हातल्या वीजेच्या दहा-वीस टक्क्यांवर येते. तोच हिशेब करा, दिवा पाऊण ते सव्वा तास जळेल. जून ते सप्टेंबर गोव्यात असे दिवस ओळीने येतात.

म्हणूनच ‘मोठा सेल घातला की जास्त वेळ जळेल’ ही समजूत चुकीची आहे. ६०० च्या जागी २५०० एमएएचचा सेल घातला तरी पॅनेल तेवढंच, ऊन तेवढंच. जमा वाढत नाही, नुसती तिजोरी मोठी होते. उलट तो सेल कधीच पूर्ण भरत नाही. पहिल्या रात्री मात्र तो बाहेर चार्ज करून घातलेला असतो म्हणून दिवा पहाटेपर्यंत जळतो आणि आपली समजूत पक्की होते. मूळ सेलवर जो आकडा छापलेला आहे त्याच्या जवळपासचा सेल घ्यावा.

पण दोष सेलचा की उन्हाचा, हे कसं ठरवायचं? सेल काढा, बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा आणि परत घाला. रात्रभर जळला तर सेल चांगला आहे, पॅनेल आणि जागा तपासा. तरीही तासाभरात विझला तर सेल संपला. सतत भरणं-रिकामं होणं, वरून उन्हाने तापणं, यामुळे बागेच्या दिव्यातला सेल वर्ष-दोन वर्षांत दमतो आणि त्यात नवल नाही.

घरात मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असेल तर काम आणखी सोपं. डीसी २० व्होल्टवर ठेवा. भरलेला १.२ व्होल्टचा सेल नुसता मोजला की १.३ च्या आसपास दाखवतो. एक व्होल्टखाली असेल तर तो रिकामा आहे. पण फसवणारा सेल वेगळाच असतो. तो नुसता मोजला तर १.३ दाखवतो आणि दिवा पेटवून मोजला की भराभर ०.९ वर येतो. म्हणून मोजमाप नेहमी दिवा पेटलेला असताना करा. पॅनेलचं मोजमाप सेल काढून, भर उन्हात. एका सेलवर चालणाऱ्या दिव्याचं पॅनेल दुपारी दोन व्होल्टच्या वर दाखवतं. ऊन असून काहीच दाखवलं नाही तर तार तुटली किंवा पॅनेल गेलं.

मल्टिमीटर नसेल तर टीव्हीच्या रिमोटमधला साधा सेल दोन मिनिटांसाठी घालून, पॅनेल हाताने झाकून पाहा. पेटला तर सर्किट आणि एलईडी ठीक, दोष आपल्या सेलचा. ही युक्ती फक्त १.२ व्होल्टच्या दिव्यासाठी, आणि बघून झालं की तो सेल काढायचाच. साधा सेल चार्ज होण्यासाठी बनलेला नसतो. उन्हात पॅनेलने त्यात वीज ढकलली की तो गळतो आणि आतली धातूची टोकं खराब करतो.

मे महिन्यात लावलेला दिवा नाताळात का रुसतो

गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेपंधरा अंशांवर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि १० ऑगस्टच्या सुमारास, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. बाकी सगळं वर्ष तो दक्षिणेकडे आणि डिसेंबरच्या शेवटी तर डोक्यावरून जवळजवळ ३९ अंश दक्षिणेला कललेला.

याचा घरच्या दिव्याशी थेट संबंध आहे. कौलारू घराचा आढा सहा मीटर उंच असेल तर डिसेंबरात भर दुपारीही त्याची सावली उत्तरेकडे जवळपास पाच मीटर पसरते. घराच्या उत्तरेच्या अंगणात तुळशीजवळ मे महिन्यात दिवा लावला. त्याला भरपूर ऊन मिळालं, पहाटेपर्यंत जळला. नोव्हेंबरपासून तोच दिवा दिवसभर घराच्या सावलीत. माणसाला वाटतं, सहा महिन्यांत दिवा गेला. दिवा तिथेच आहे, ऊन सरकलं आहे. ज्याला हा दिवा बिघडला असं वाटतं, त्याने डिसेंबरातल्या एखाद्या दिवशी नऊ, बारा आणि तीन वाजता पॅनेलवर नुसती नजर टाकावी.

पॅनेल कलवता येत असेल तर दक्षिणेकडे तोंड करून पंधरा अंशांच्या आसपास कल द्यावा. कल असला की पावसाचं पाणी साचत नाही आणि धूळही धुऊन जाते. अगदी आडवं ठेवलेलं पॅनेल चौथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आरास करताना पाहिलं तर त्यावर शेवाळाचा हिरवा थर असतो.

अर्धवट सावलीचं नुकसान डोळ्यांना वाटतं त्याहून फार मोठं असतं. पॅनेलवर ज्या पट्ट्या दिसतात ते वेगवेगळे भाग एकापुढे एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका पट्टीवर माडाच्या झावळीची बोटभर सावली आली तरी त्या पट्टीतून जेवढा प्रवाह जाईल तेवढाच सगळ्यांतून जातो. कावळ्याची एक शिटही तेच काम करते. ज्यांच्याकडे चिऱ्याच्या खाणीजवळची किंवा कच्च्या रस्त्यावरची तांबडी धूळ येते, समुद्राजवळ ज्यांच्या काचेवर मिठाचा पातळ थर बसतो, त्यांनी पंधरवड्यातून एकदा सकाळी गार वेळेला साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पॅनेल पुसावं. काथ्या किंवा तारेची घासणी लावू नका. तिने पडलेले चरे कायमचे राहतात.

स्वस्त पॅनेलवर काच नसते, पारदर्शक राळेचा थर असतो. तो उन्हाने पिवळा, दुधाळ होतो. गाडीच्या हेडलाइटला लावतात त्या पॉलिशने घासलं तर काही महिने फरक पडतो, पण तो तात्पुरता उपाय आहे. जमलं तर काचेचंच पॅनेल घ्यावं.

पाणी आणि मीठ

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात दिव्याचा खरा शत्रू इथे आहे. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं त्याला फारसा अर्थ नाही. आयपी हा आकडा पाहा. धूळ आणि पाणी किती अडतं ते तो सांगतो. आयपी ४४ म्हणजे शिंतोडे सहन करणारा, आयपी ६५ म्हणजे धूळ न शिरणारा आणि पाण्याचा झोत झेलणारा. पागोळ्यांखाली किंवा उघड्या गेटवर आडवा पाऊस झेलायचा असेल तर ६५ च्या खाली जाऊ नये.

मात्र चांगला बंद असलेला दिवाही दमट हवेत श्वास घेतो. दुपारी तापला की आतली हवा फुगून फटींतून बाहेर जाते, संध्याकाळच्या सरीने गार झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. काचेच्या आतून दव धरतं ते यामुळे. म्हणून खालच्या बाजूचं बारीक भोक, असलं तर, कधी बुजवू नका. साचलेलं पाणी निघायची ती जागा आहे. बंद करायचा तो वरचा सांधा. त्याला सिलिकॉन लावताना, ओलं असताना ज्याला विनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन टाळा. त्या वाफेने आतलं तांबं गंजतं. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या. वेगळं पॅनेल आणि वेगळा दिवा असलेल्या प्रकारात तार दिव्यात शिरण्याआधी खाली लोंबती ठेवा. पाणी तारेवरून घरंगळत येतं ते त्या खालच्या वळणावरून टपकून जातं, आत शिरत नाही.

आणि मग गंज. सेलच्या टोकांशी पांढरी भुकटी असेल तर बहुधा सेल गळला आहे. हिरवट असेल तर तांबं गंजलं आहे. सेलमधला द्राव अल्कधर्मी असतो, म्हणून त्यावर आंबट उतारा चालतो. स्वयंपाकघरातला माडाचा विनेगर पुरे. हातमोजे घालून सेल काढायचा, कापसाच्या बोळ्यावर थोडं विनेगर घेऊन भुकटी पुसायची. बुडबुडे येतात. ते थांबले की स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसून काढायचं, कारण राहिलेलं आम्लही गंज चढवतं. मग दिवसभर उघडं वाळवायचं. वाळल्यावर स्प्रिंग आणि पत्र्याच्या टोकाला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. कोकण किनाऱ्यावरच्या हवेत बराच काळ टिकणारा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. पॉलिश पेपर लावावाच लागला तर हलक्या हाताने. वरचा चकचकीत मुलामा गेला की आतलं लोखंड पहिल्याच पावसात तांबारतं.

मेअखेर आपण पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरतो, घरावर झावळ्या शाकारतो, तेव्हाच शोभेचे दिवे काढून ठेवावेत. सेल पूर्ण भरून बाहेर काढायचे आणि कोरड्या डब्यात ठेवायचे, चौथीच्या आधी पुन्हा भरायचे. चार महिने रोज अर्धपोटी राहून पूर्ण रिकामा होणं सेलला सगळ्यात जास्त मारतं. पण वाटेवरचे जे एक-दोन दिवे पावसातही हवेतच, त्यांच्यासाठी सेलचे दोन जोड ठेवा. एक दिव्यात, दुसरा घरात चार्जरवर. एक दिवसाआड बदलले की ढगांवर अवलंबून राहावं लागत नाही. वीज गेली तरी एक भरलेला जोड हाताशी असतो.

मोठे दिवे आणि लिथियम

माणूस आला की प्रखर होणारे भिंतीवरचे दिवे वेगळे. त्यांत उष्णतेतला बदल टिपणारा पीआयआर सेन्सर असतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात भिंत आणि जमीन माणसाच्या अंगाइतकीच तापलेली असते, त्यामुळे फरक कमी पडतो आणि दिवा अगदी जवळ गेल्यावरच पेटतो. हा बिघाड नव्हे. रात्रभर उगाच पेटत-विझत असेल तर सेन्सरसमोरचं कोळ्याचं जाळं, त्यावर बसणारी पाल आणि समोर हलणारी केळीची पानं पाहा. रिमोटवाल्या दिव्यात कुणीतरी मोड बदललेला असतो, तेही एकदा तपासा.

या दिव्यांत लिथियमचे सेल असतात आणि इथे मात्र बेपर्वाई नको. दोन प्रकार दिसायला सारखे आहेत. एकावर ३.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, तो लिथियम आयर्न फॉस्फेट, साधारण ३.६ व्होल्टला पूर्ण भरतो. दुसऱ्यावर ३.७, तो लिथियम-आयन, ४.२ ला भरतो. ३.७ च्या दिव्यात ३.२ चा सेल घातला तर सर्किट त्याला मर्यादेबाहेर भरत राहतं. उलट केलं तर दिवा अर्धवट भरतो. जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच नवा घ्या. या दिव्यांतल्या नळकांड्यासारख्या, १८६५० मापाच्या सेलवर ९८०० एमएएच छापलेलं असेल तर ते खोटं आहे. या मापात चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. फुगलेला सेल चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. तो दिवा तिथेच बंद करून घरापासून दूर ठेवा.

नवा दिवा घेताना मी एकच आग्रह धरतो: स्क्रू काढून उघडता आला पाहिजे आणि आतला सेल बाजारात मिळणाऱ्या मापाचा हवा. सगळं डिंकाने चिकटवलेला दिवा कितीही देखणा असो, सेल दमला की तो अख्खा टाकावा लागतो. दमलेले सेल पाचोळ्याबरोबर जाळू नयेत किंवा परसात पुरू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं पुनर्चक्रीकरण होईल हे पाहणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळ्या बरणीत जमवा आणि सुका कचरा नेणाऱ्यांकडे किंवा ई-कचरा संकलनात वेगळे म्हणून सांगून द्या.